खोलीच्या भिंतींना रंग निवडताना: पहिल्यांदाच घर रंगवून घेणाऱ्यांसाठी

दसरा-दिवाळीच्या आधी घर रंगवायला काढले की बहुतेक घरांत एकच प्रसंग घडतो. भिंती घासून, लांबी (पुट्टी) भरून तयार होतात, आणि रंगारी संध्याकाळी निघताना सांगतो, "शेडचा नंबर सांगा, उद्या डबे आणायचे आहेत." मग रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात घरातील सगळे शेड कार्डाभोवती बसतात आणि पुढची सहा-सात वर्षे ज्या रंगात राहायचे आहे तो रंग अर्ध्या तासात ठरतो. रंग निवडण्याचे काम रंगारी येण्याच्या निदान दहा दिवस आधी सुरू करावे, आणि शेवटचा निर्णय दुकानात न घेता त्याच खोलीत, तिच्याच उजेडात घ्यावा, हे या लेखातील सर्वांत महत्त्वाचे सांगणे आहे.

काही वर्षांपूर्वी पुण्यातील आमच्या घराची उत्तरेकडे खिडकी असलेली झोपण्याची खोली रंगवताना मी दुकानातील कार्डावर एक हलका राखाडी रंग पसंत केला होता. कार्डावर तो धुरकट आणि शांत वाटत होता. भिंतींवर रंगाचे दोन हात (थर) झाल्यावर मात्र तो दिवसा निळसर दिसू लागला आणि रात्री दिवा लावला की जांभळट. रंगात दोष नव्हता, रंगाऱ्याच्या कामातही नव्हता. त्या खोलीत उजेड कुठून आणि कसा येतो याचा विचार मी केला नव्हता. पुढे तीच खोली दुसऱ्यांदा रंगवताना ज्या क्रमाने काम केले, तोच क्रम येथे मांडला आहे.

पहिली पायरी: भिंत रंग घेण्याजोगी आहे का ते पाहणे

ज्या भिंतीत ओल आहे तिच्यावर कोणताही रंग टिकत नाही, म्हणून रंगाच्या छटेचा विचार करण्याआधी खिडकीखालचा भाग, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि बाहेरच्या बाजूची भिंत हाताने चाचपून पाहावी. कुठे फुगे आले असतील, पोपडे निघत असतील किंवा लोणा लागून पांढरी पूड सुटत असेल, तर पाणी कुठून येते ते शोधून आधी ते थांबवावे आणि भिंत पूर्ण वाळू द्यावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळा संपल्यावरही भिंती वाळायला बराच वेळ घेतात. तेथे घाई करण्यापेक्षा रंगकाम दिवाळीनंतर काढलेले चांगले. नवीन गिलावा केला असेल तर त्यालाही किमान महिनाभर द्यावा.

जुन्या घरात दारांवर किंवा भिंतींवर अनेक वर्षांपूर्वीचा ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा कमी ठेवण्याचा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसे असण्याची शक्यता असते. असा रंग पाणी लावून घासावा, आणि लहान मुलांना तोवर त्या खोलीत येऊ देऊ नये.

दुसरी पायरी: जे बदलणार नाही त्याची यादी

नवखा माणूस रंगापासून सुरुवात करतो आणि मग फरशी, कपाटे, पडदे त्या रंगाशी जुळतात का ते पाहतो. क्रम उलटा हवा, कारण रंग हजारो छटांत मिळतो, तर फरशी आहे तीच राहणार असते. खोलीत उभे राहून पुढील काही वर्षे जे हलणार नाही ते सगळे लिहून काढावे: फरशी, दाराच्या चौकटी, खिडकीचा कडाप्पा किंवा ग्रॅनाइट, कपाटांचा सनमायका, पलंग, आणि पडदे नवीन असतील तर पडदेही.

त्यातही फरशीकडे विशेष लक्ष द्यावे. खिडकीतून येणारा उजेड आधी फरशीवर पडतो आणि तेथून भिंतींवर उसळतो, त्यामुळे फरशीचा रंग भिंतीच्या खालच्या भागात मिसळतो. कोटा फरशीला हिरवट झाक असते, शहाबादी फरशी करडी आणि उजेड गिळणारी असते, आणि आजकालच्या फ्लॅटमधील हस्तिदंती चकचकीत टाइल्स पिवळसर उजेड परत टाकतात. पिवळसर टाइल्सच्या खोलीत निळसर झाक असलेला पांढरा रंग लावला तर भिंत स्वच्छ दिसण्याऐवजी टाइल्सच मळकट दिसू लागतात; ही चूक मी अनेक नव्या घरांत पाहिली आहे. सागवानी चौकटी आणि जुने लाकडी सामान असलेल्या घरात तपकिरी भिंती टाळाव्यात, कारण लाकडाच्या जवळचा पण लाकडाशी न जुळणारा तपकिरी रंग दोघांचीही शोभा घालवतो. तेथे फिकट शेवाळी किंवा दुधिया रंगासमोर लाकूड खुलून दिसते.

तिसरी पायरी: खोलीचा उजेड ओळखणे

या पायरीला घाई करू नये. दोन दिवस सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी पाचला आणि रात्री दिवे लावल्यावर त्या खोलीत पाच मिनिटे बसावे आणि कोणती भिंत उजळ आहे, कोणती काळोखी आहे, उजेड पिवळा आहे की निळसर, हे टिपून ठेवावे. पाहताना समोर एक कोरा पांढरा कागद भिंतीला टेकवून ठेवला तर उजेडाचा रंग सहज कळतो.

उत्तरेकडच्या खिडकीतून येतो तो बहुतेक करून थेट सूर्याचा नव्हे, तर आकाशाचा उजेड. तो दिवसभर जवळजवळ सारखा राहतो, पण त्यात निळेपणा असतो, आणि तो निळेपणा राखाडी व पांढऱ्या रंगांत लगेच उतरतो. माझ्या पहिल्या राखाडी रंगाचे हेच झाले. अशा खोलीला किंचित पिवळी किंवा तांबूस झाक असलेले रंग मानवतात: मोतिया, चंदनी, बदामी, फिकट अबोली. येथे आपल्याकडची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परदेशी मासिकांत आणि व्हिडिओंत उत्तरेकडच्या खोलीत ऊन कधीच येत नाही असे गृहीत धरलेले असते. महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत, त्यामुळे साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबई-पुण्यात भरदुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या भिंतीला ऊन लागते. मे महिन्यात नमुना पाहून उत्तरेच्या खोलीचा रंग ठरवला तर डिसेंबरात तो वेगळा दिसेल.

दक्षिणेकडच्या खिडकीचे नेमके उलट आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने ऊन खोलीत आतपर्यंत येते, आणि ऐन उन्हाळ्यात ते जवळजवळ येतच नाही. अशा खोलीला थंड झाकेचे रंग, म्हणजे फिकट आकाशी, पिस्ता, निळसर राखाडी, चांगले पेलतात. पूर्वेची खोली सकाळी सोनेरी आणि दुपारनंतर निस्तेज असते. ती अभ्यासाची असेल तर दुपारचा रंग पाहून निवडावा, स्वयंपाकघर असेल तर सकाळचा. पश्चिमेच्या खोलीत तिसऱ्या प्रहरापासून तांबडे ऊन थेट येते. तेथे पिवळा, केशरी किंवा गडद अबोली रंग लावला तर संध्याकाळी खोली तापल्यासारखी दिसते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ते डोळ्यांना खरोखर त्रासदायक होते.

दिशेइतकेच महत्त्व खिडकीबाहेर काय आहे याला आहे, आणि शहरात तर दिशेपेक्षाही जास्त. समोर दहा-पंधरा फुटांवर दुसऱ्या इमारतीची भिंत असेल तर तुमच्या खोलीत येतो तो त्या भिंतीचा उजेड. खिडकीला लागून आंबा किंवा अशोक असेल तर पानांतून गाळून येणारा उजेड हिरवट असतो आणि त्यात फिकट गुलाबी रंग मातकट दिसतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्यांचे आवार किंवा तांबडी माती असलेले अंगण असेल तर तो तांबडेपणा आतल्या छतापर्यंत पोहोचतो. पावसाळ्यात निवड करत असाल तर ढगाळ उजेड करडा आणि एकसारखा असतो हेही हिशेबात धरावे. ऑगस्टमध्ये मंद वाटणारा पिवळा नोव्हेंबरच्या उन्हात भडक होऊ शकतो.

चौथी पायरी: आधी दिवे, मग रंग

नोकरी करणाऱ्या कुटुंबांत खोली सर्वांत जास्त वापरली जाते ती रात्री, म्हणून दिवे बदलायचे असतील तर ते रंग निवडण्याआधी बदलावेत. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनमध्ये एक आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० केल्व्हिनचा उजेड जुन्या पिवळ्या बल्बसारखा असतो, ४००० चा मधला, आणि आपल्याकडे सर्रास बसवला जाणारा ६५०० केल्व्हिनचा दिवा निळसर पांढरा असतो. पिवळ्या दिव्याखाली निळे आणि हिरवे रंग मलूल होतात. निळसर दिव्याखाली बदामी आणि तांबूस रंगांतली ऊब निघून जाते. दोन रंग दुकानात अगदी सारखे दिसतात आणि घरच्या दिव्याखाली वेगळे पडतात, तेही यामुळेच. माझे मत विचाराल तर झोपण्याच्या आणि बसण्याच्या खोलीत ३००० केल्व्हिनचे आणि स्वयंपाकघरात ४००० चे दिवे लावावेत.

पाचवी पायरी: शेड कार्ड वाचणे

शेड कार्डावरील रंगांची नावे विसरून जावीत आणि फक्त संकेतांक लिहून घ्यावा. प्रत्येक फिकट रंगाच्या पोटात दुसऱ्या एखाद्या रंगाची झाक असते. पांढऱ्यातसुद्धा ती असते: एक पांढरा दुधासारखा, एक मोत्यासारखा, एक नीळ घातलेल्या धोतरासारखा. एकच ठिपका पाहून ही झाक कळत नाही. ती ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे त्याच पट्टीवरील सर्वांत गडद रंग पाहणे. फिकट राखाडीच्या पट्टीच्या टोकाला गडद जांभळट निळा असेल, तर तो जांभळटपणा फिकट छटेतही थोडा आहेच. दुसरा उपाय, कार्ड पांढऱ्याशुभ्र कागदावर ठेवून शेजारच्या दोन-तीन छटांशी ताडून पाहणे. साड्या घेताना ज्यांनी आमसुली, अंजिरी आणि डाळिंबी यांतला भेद पदर उन्हात नेऊन पाहिला आहे, त्यांना ही नजर वेगळी शिकवावी लागत नाही. घरातील अशा व्यक्तीला या कामात अवश्य बसवावे.

बहुतेक कंपन्यांच्या मोठ्या शेड पुस्तकांत किंवा संकेतस्थळावर प्रत्येक रंगाचा उजेड परतवण्याचा आकडा दिलेला असतो. त्याला एलआरव्ही म्हणतात. तो शून्य ते शंभर या मापात असतो आणि रंग जितका उजळ तितका आकडा मोठा. खोली लहान असेल, खिडकी एकच असेल आणि दिवसाही दिवा लावावा लागत असेल, तर साठाच्या वरचा आकडा असलेला रंग घ्यावा असे मी सुचवेन. भरपूर उजेडाच्या खोलीत मात्र ऐंशीच्या वरचा रंग दुपारी डोळ्यांना खुपतो.

कार्डावरचा रंग भिंतीवर बहुतेक वेळा अधिक गडद आणि अधिक तीव्र दिसतो. चार भिंती एकमेकींचा रंग एकमेकींवर टाकतात आणि तो वाढत जातो. म्हणून एखादी छटा मनात भरली की त्याच पट्टीवरील तिच्याहून एक पायरी फिकट छटासुद्धा नमुन्यासाठी घ्यावी. माझ्या अनुभवात शेवटी बहुतेक वेळा तीच लागते. मोबाइलच्या पडद्यावर पाहून रंग ठरवू नये. दोन मोबाइल शेजारी धरले तरी एकच रंग दोन प्रकारे दिसतो.

सहावी पायरी: नमुना लावून पाहणे

तीन छटा निवडाव्यात, त्यापेक्षा जास्त नकोत. काही कंपन्या २०० मिलिलिटरच्या लहान नमुना डब्या देतात. त्या न मिळाल्यास एक लिटरचा लहान डबा बनवून घ्यावा. तीन डब्यांचा खर्च पूर्ण खोली पुन्हा रंगवण्याच्या मजुरीपुढे फार थोडा आहे.

नमुना थेट जुन्या भिंतीवर लावू नये, कारण खालचा जुना रंग आणि शेजारचा जुना रंग दोन्ही डोळ्याला फसवतात. दोन फूट बाय दोन फुटांचे जाड पुठ्ठे घ्यावेत, त्यांना पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात, लावावा, वाळल्यावर ठरवलेल्या रंगाचे दोन हात द्यावेत, आणि कडेने दोन बोटे रुंद पांढरी पट्टी मोकळी ठेवावी. मागे संकेतांक लिहावा. पाण्यातला रंग ओला असताना दुधाळ आणि फिकट दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो, त्यामुळे पहिल्या दिवशी कोणतेही मत बनवू नये.

पुठ्ठे वाळले की ते खोलीत फिरवायचे: खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्याच भिंतीवर, कोपऱ्यात, फरशीला टेकवून, कपाटाला लावून, पडद्याशेजारी. खिडकीच्या भिंतीवर मागून उजेड येत असल्याने तोच रंग सर्वांत काळा दिसतो, आणि बहुतेक लोक नेमकी तीच भिंत पाहायची विसरतात. दोन पुठ्ठे कोपऱ्यात काटकोनात उभे केले तर दोन भिंती एकमेकींना कशा गडद करतात तेही दिसते. निदान तीन दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, जाता-येता ते पाहावेत. आमच्या खोलीसाठी दुसऱ्या वेळी मी एक चंदनी, एक बदामी आणि एक फिकट सायली असे तीन पुठ्ठे केले. सायली रंग मला मनापासून आवडला होता, पण उत्तरेच्या उजेडात तो पहिल्या दिवशी दुपारीच करडा पडला. बदामी रात्री छान, पण दिवसा जड वाटत होता. चंदनी रंग चारही वेळा तोच राहिला, आणि तोच लावला.

जो रंग एका वेळी सर्वांत सुंदर दिसतो त्याच्यापेक्षा जो कोणत्याच वेळी वाईट दिसत नाही तो निवडावा. त्या खोलीत वृद्ध आई-वडील किंवा आजारी माणूस दिवसभर राहणार असेल, तर पुठ्ठे त्यांच्या पलंगावरून दिसतील असे ठेवून त्यांनाच विचारावे.

सातवी पायरी: छत, चौकटी आणि एखादी गडद भिंत

छताला पांढरा रंग देणे आपल्या खोल्यांच्या उंचीला योग्य आहे, परंतु भिंतीच्या रंगात पिवळी झाक असेल तर छताचा पांढराही किंचित पिवळसर घ्यावा. नाहीतर छत निळे आणि परके वाटते. खोलीत तुळई उतरलेली असेल तर तिला छताचाच रंग द्यावा.

एक भिंत गडद करायची असेल तर मोरपंखी, विटकरी किंवा गडद शेवाळी यांसारखा रंग खोलीत शिरताच समोर दिसणाऱ्या, दार-खिडकी नसलेल्या भिंतीवर द्यावा. गडद रंगांबाबत दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. फिकट छटा पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात छटेचा रंग मिसळतात त्या मूळ रंगात, बनतात आणि त्यातले टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य खालची भिंत झाकते. गडद छटांच्या बेसमध्ये ते फार थोडे असते किंवा नसतेच, म्हणून विशेषतः तेजस्वी लाल आणि पिवळ्या रंगांना तिसरा हात लागू शकतो, आणि दरही वेगळा पडतो. शिवाय गडद भिंतीवर हात किंवा खुर्ची घासली की पांढुरके ओरखडे उमटतात, त्यामुळे लहान मुलांच्या खोलीत तो हट्ट धरू नये.

आठवी पायरी: चकाकी ठरवणे

एकच छटा मॅटमध्ये, म्हणजे बिनचकाकीच्या रंगात, मऊ व थोडी फिकट, आणि चकाकीच्या रंगात अधिक गडद व ठसठशीत दिसते. चकाकी जितकी जास्त तितके भिंतीचे उंचसखलपण उघडे पडते; जुन्या वाड्यातील किंवा वाकड्यातिकड्या गिलाव्याच्या भिंतींना मॅटच बरा. स्वयंपाकघरात फोडणीची वाफ आणि हळदीचे हात भिंतीला लागणारच, तेथे पुसता येईल असा थोड्या चकाकीचा इमल्शन (पाण्यातला प्लास्टिक पेंट) घ्यावा. डिस्टेंपर स्वस्त असतो, पण ओल्या फडक्याने पुसला तर हळूहळू उतरतो; भाड्याने द्यायच्या खोलीला तो चालेल.

नववी पायरी: मोजमाप आणि खरेदी

खोली १० बाय १२ फूट आणि उंची १० फूट असेल, तर चार भिंतींची लांबी ४४ फूट आणि क्षेत्रफळ ४४० चौरस फूट होते. त्यातून ३ बाय ७ चे दार आणि ४ बाय ५ ची खिडकी वजा केली की सुमारे ४०० चौरस फूट उरतात. छताचे १२० वेगळे. डब्यावर लिटरमागे किती क्षेत्र रंगते ते लिहिलेले असते, पण तो आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा हे नीट वाचावे. दोन हातांसाठी लिटरला १०० चौरस फूट असे लिहिले असेल तर भिंतींना ४ लिटर लागतील, आणि लांबी भरलेली भिंत अधिक रंग शोषते म्हणून १ लिटर जास्त घ्यावा.

सगळा रंग एकाच दुकानातून, एकाच दिवशी घ्यावा आणि डब्यांवरचा बॅच क्रमांक सारखा आहे ना ते पाहावे. यंत्रात मिसळलेल्या दोन डब्यांतही बारीक फरक राहू शकतो. तो भिंतीच्या मध्यावर दिसू नये म्हणून रंगाऱ्याला सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यायला सांगावे. डबा उघडल्यावर थोडा रंग आपल्या नमुन्याच्या पुठ्ठ्यावर लावून, पूर्ण वाळवून, ताडून पाहावा आणि मगच पहिला हात सुरू करू द्यावा. पहिल्या हातानंतर भिंत ठिगळ लावल्यासारखी दिसते. तेव्हा रंग बदलण्याचा विचार मनात आणू नये, दुसरा हात वाळेपर्यंत थांबावे.

उरलेला रंग लहान, घट्ट झाकणाच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवावा, म्हणजे आत हवा राहत नाही आणि साय धरत नाही. बरणीवर खोलीचे नाव, कंपनी, संकेतांक, चकाकीचा प्रकार आणि तारीख लिहून ती माळ्यावर न ठेवता खालच्या कपाटात, उष्णतेपासून दूर ठेवावी; भिंतीतला खिळा काढल्यावर बुजवलेल्या भोकावर लावायला पुढे तिचाच उपयोग होतो.